तिसऱ्या प्रयत्नाला सगळे पुढे

"आज तरी शेजारच्या माणसाला मॅच समजावून सांगत बसू नका," सुप्रभा थालीपीठं फॉइलमध्ये गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "तो बिचारा मॅच बघायला आलेला असतो."

"समजावून सांगत नाही मी. चर्चा करतो," नरेंद्र म्हणाला आणि बूट घालायला दारात बसला.

जपानातल्या ग्योतोकुच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये त्या मोसमात मॅचच्या दर रविवारी हाच संवाद होई. सुप्रभा स्वतः मॅचला जात नसे. पहिल्याच वर्षी ती एकदा गेली होती. एकुलता एक मुलगा हेल्मेट घालून समोरच्या पोरावर जाऊन आदळतो आणि लोक टाळ्या वाजवतात, हे तिनं दहा मिनिटं पाहिलं आणि उरलेली मॅच स्टेडियमबाहेरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफी पीत काढली. तेव्हापासून थालीपीठं तिची आणि मॅच नरेंद्रची, अशी वाटणी झाली होती.

नरेंद्र शिरगावकर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हा त्याचा वर्षानुवर्षांचा व्यवसाय होता आणि तो त्याच्या अंगात इतका मुरला होता, की हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा तो आधी चुकांसाठी वाचे. मात्र अमेरिकन फुटबॉलकडे तो चुका शोधायला गेला नव्हता. तो गेला होता मुलाशी बोलायला काहीतरी विषय मिळावा म्हणून.

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी ते उरायासुला राहत. जमिनीतून चिखल वर आला, नळ कोरडे पडले, ओळखीची निम्मी कुटुंबं पुण्याला निघाली. नरेंद्रनंही तिकिटं काढली. अद्वैत तेव्हा शाळेत होता. तो म्हणाला, "मी येणार नाही," आणि खोलीचं दार लावून बसला. शेवटी तिकिटं रद्द झाली, चिखलातलं घर सोडून ते ग्योतोकुला आले, आणि अद्वैतचंच बरोबर होतं असं पुढे सगळ्यांनाच वाटलं. पण बापलेकांमधलं बोलणं जे त्या वेळी आटलं ते आटलंच. नरेंद्रनं मराठीत चार वाक्यं बोलावीत आणि अद्वैतनं जपानीत "बेत्सुनी", म्हणजे 'विशेष काही नाही', असं म्हणून उठावं, असा घरातला रिवाज पडला.

पुढे अद्वैत योकोहामाच्या एका विद्यापीठात गेला, खेळाडूंच्या होस्टेलवर राहू लागला आणि फुटबॉलच्या संघात बचावाच्या मधल्या फळीत उभा राहू लागला. बावन्न नंबर. नरेंद्रनं खेळाचे नियम पाठ केले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा. एवढं कळल्यावर बाकीचं फारसं अवघड नव्हतं. आणि मग त्याच्या टेस्टिंगच्या डोळ्यांना जे दिसायचं ते दिसलंच.

समोरच्या संघाचा तिसरा प्रयत्न आला आणि अंतर बरंच उरलेलं असलं, की अद्वैतच्या संघाचा बचाव सगळाच्या सगळा पुढे धावे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर झडप घालायला. सगळ्यात पुढे बावन्न नंबर. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, दर वेळी. हे डाव ठरवणारे कोच कुरोदा-सान हाताची घडी घालून मैदानाच्या कडेला उभे असत आणि त्यांच्या चेहऱ्यावर कधी दुसरा विचार दिसत नसे. दुबळ्या संघांसमोर ते खपून जाई. जरा बऱ्या संघासमोर काय होईल, या विचारानं नरेंद्रला चैन पडेना.

एका रविवारी अद्वैत घरी जेवायला आला असताना त्यानं विषय काढला.

"तिसऱ्या प्रयत्नाला तुम्ही सगळे पुढेच का धावता रे?"

"कोच ठरवतात."

"पण मागे जागा मोकळी राहते. कुणी डोक्यावरून हलकेच चेंडू टाकला तर?"

"हं."

"मग सांग ना कोचना."

अद्वैतनं ताटातून मान वर केली. "बाबा, तिथे असं कुणी सांगत नाही." आणि त्यानं आईकडे आणखी आमटी मागितली. विषय संपला.

नरेंद्रला एवढं मोठं काही सापडलं होतं आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. ऑफिसात हा खेळ कुणाला माहीत नव्हता. सुप्रभाला सांगावं तर ती "त्याला लागतं का त्यात?" एवढंच विचारी. अशा अवस्थेत, मोसमातल्या शेवटून दुसऱ्या मॅचला, त्याच्या शेजारी मोरिता-सान येऊन बसले.

सत्तरीचे, शांत चेहऱ्याचे, एकटेच आलेले गृहस्थ. त्यांनी पिशवीतून दोन मिकान काढली, त्यातलं एक संत्रं नरेंद्रला दिलं. नरेंद्रनं त्यांना थालीपीठ दिलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, चवीनं खाल्लं आणि मैदानाकडे बोट दाखवून विचारलं, "तुम्हाला हा खेळ चांगला कळतो वाटतं?"

गेल्या कित्येक वर्षांत जपानात नरेंद्रला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो बोलायला लागला तो थांबेना. समोर तिसरा प्रयत्न आला तसा तो म्हणाला, "आता बघा, बावन्न नंबर पुढे जाईल." बावन्न नंबर गेला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं.

"दर वेळी?" मोरिता-साननी विचारलं.

"दर वेळी."

"नारुहोदो," मोरिता-सान म्हणाले. म्हणजे, अस्सं. हा शब्द त्यांनी इतक्या मनापासून उच्चारला, की नरेंद्रला आणखी सांगितल्याशिवाय राहवेना. त्यानं मिकानच्या साली बाकावर मांडल्या. या साली म्हणजे आपला बचाव. या अशा पुढे जातात. मग इथे मागे काय राहतं?

"काहीच नाही," मोरिता-सान सालींकडे बघत म्हणाले.

"तर क्वार्टरबॅकनं घाबरायचं नाही. थांबायचं, यांना अंगावर येऊ द्यायचं आणि इथे, अलगद, डोक्यावरून." त्यानं मिकानची एक फोड सालींवरून पलीकडे टाकली.

मोरिता-साननी ती फोड उचलली आणि विचारपूर्वक खाल्ली. निरोप घेताना ते कमरेत वाकून म्हणाले, "आज पुष्कळ शिकलो." नरेंद्र त्या दिवशी घरी गुणगुणत आला. सुप्रभानं विचारलं, "अद्वैत बोलला वाटतं?" तो म्हणाला, "नाही. पण एक फार सुसंस्कृत माणूस भेटला."

तर आज शेवटची मॅच होती. गुणतक्त्यात तळाला असलेले दोन संघ समोरासमोर होते; जो हरेल तो खालच्या गटात जाणार. चौथ्या वर्षाच्या पोरांची ही कॉलेजातली शेवटचीच मॅच. अद्वैतचा संघ निळ्या कपड्यांतला, समोरचा हिरव्या. नरेंद्र आपल्या जागेवर बसला, थालीपीठाची पिशवी शेजारी ठेवली आणि मोरिता-सान कुठे दिसतात का पाहू लागला.

ते दिसले. मैदानापलीकडे, हिरव्या जाकिटांच्या गर्दीत, पहिल्या रांगेत. डोक्यावर हिरवी टोपी होती. त्यांनीही नरेंद्रला पाहिलं, उभे राहिले आणि तिकडून कमरेत वाकून नमस्कार केला. नरेंद्रही सवयीनं उठून वाकला. वाकलेला असतानाच लाउडस्पीकरवर हिरव्या संघाची नावं सुरू झाली. क्वार्टरबॅक, मोरिता.

नरेंद्र सरळ झाला आणि त्यानं पुन्हा एकदा त्या हिरव्या टोपीकडे पाहिलं.

पहिला तिसरा प्रयत्न आला. अंतर बरंच होतं. अद्वैत आणि मंडळी पुढे धावली. धाकटा मोरिता घाबरला नाही. तो थांबला, त्यांना अंगावर येऊ दिलं आणि अलगद, बावन्न नंबरच्या डोक्यावरून चेंडू मोकळ्या जागेत टाकला. तिथे एक हिरवा पोरगा आयता उभा होता. तो चेंडू घेऊन लांबवर पळत गेला. नरेंद्रच्या डोळ्यांसमोर बाकावरच्या साली आल्या. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. अद्वैत दर वेळी तोंडावर आपटे, उठे, मागे वळून गेलेल्या चेंडूकडे बघे आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राही.

हाफटाइमला नरेंद्रला बसवेना. झालं ते कोचना सांगितलंच पाहिजे, असं ठरवून तो जिन्यानं खाली उतरला. खालच्या दाराशी संघाची मॅनेजर, एक चुणचुणीत विद्यार्थिनी, पाण्याच्या बाटल्या मोजत उभी होती. नरेंद्रचं जपानी ऑफिसपुरतं उत्तम होतं. मात्र तो घाईत असला की वाक्यातले अर्धे शब्द गळून पडत. त्याला म्हणायचं होतं की माझ्याकडून संघाचं गुपित बाहेर फुटलं. त्यातलं 'गुपित' राहून गेलं. जपानीत गुपित फुटणं आणि लघवी होणं याला क्रियापद एकच आहे.

"माफ करा, माझ्याकडून झाली," नरेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. "फार मोठी चूक आहे. कुरोदा-साननाच सांगायचं आहे."

मुलीचा चेहरा क्षणभर लाल झाला, मग अतिशय प्रेमळ झाला. "काळजी करू नका," ती म्हणाली. "असं होतं. कोचना सांगायची गरज नाही."

"गरज आहे. सगळ्या संघाचा प्रश्न आहे."

"मी कुणालाही सांगणार नाही," तिनं वचन दिलं, त्याला अदबीनं स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत नेऊन सोडलं आणि धावत जाऊन संघाची एक निळी ट्रॅकपँट पिशवीतून आणून दिली. ती हातात पडल्यावर नरेंद्रला आपण काय बोललो ते उमगलं. तो खुलासा करायला वळला तोवर ती गेली होती आणि आतल्या खोलीचं दार लागलं होतं. दारामागून कुरोदा-सानचा आवाज येत होता. ते काय सांगताहेत ते त्याला ऐकू आलं नाही, आणि दार वाजवण्याचं धाडस ट्रॅकपँट हातात घेऊन होईना.

दुसऱ्या हाफमध्ये निळ्या पोरांनी कमाल केली. इंच इंच करत त्यांनी पिछाडी भरून काढली आणि शेवटाकडे निसटती आघाडीही घेतली. या सगळ्या वेळात हिरव्यांवर तिसऱ्या प्रयत्नाला लांब अंतर उरण्याची वेळच आली नव्हती. नरेंद्रनं मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकायला घेतला, आणि नेमकी तेव्हाच ती आली. मॅच संपत आली होती. हे एक आक्रमण थोपवलं की निळे वाचले.

अद्वैत गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकला. नरेंद्रनं ते झुकणं ओळखलं. हा आता पुढे धावणार. चेंडू डोक्यावरून जाणार. आणि हे सगळं मी शिकवलंय.

तो कठड्यापाशी कसा पोचला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पाठीराख्यांचा ढोल वाजायचा थांबला होता, पुढचा ठोका पडायचा होता, आणि त्या मधल्या शांततेत नरेंद्रचा आवाज अख्ख्या मैदानावर गेला.

"अद्वैत, पुढे जाऊ नकोस. मागेच थांब."

शेजारच्या लोकांनी वळून पाहिलं. त्या स्टेडियममध्ये त्या वाक्याचा अर्थ कळणारा माणूस एकच होता. बावन्न नंबरचं हेल्मेट किंचित स्टँडकडे वळलं. चेंडू हलला. निळी पोरं पुढे धावली. अद्वैत मागे थांबला.

धाकट्या मोरितानं अलगद टाकायला हात उचलला, तर तिथे अद्वैत उभा. अद्वैतच्या शेजारी त्याच्याच संघातला ताकेदाही उभा. दोघं एकाच ठिकाणी काय करताहेत, हे नरेंद्रला कळेना. पण चेंडू टाकायला जागा उरली नव्हती हे खरं. नरेंद्र आनंदानं हात उंचावायच्या बेतात होता. पण क्वार्टरबॅकवर तुटून पडायला समोरून येणारा मुख्य माणूसच आलेला नव्हता. मोरिताला इकडे तिकडे पळायला वेळ मिळाला, भरपूर मिळाला, आणि काही सुचेना म्हणून त्यानं चेंडू जीव खाऊन लांब भिरकावून दिला. तो थेट शेवटच्या रेषेपलीकडच्या एका हिरव्या पोराच्या कवेत पडला आणि निळे हरले.

मॅच संपल्यावर निळा संघ रिवाजाप्रमाणे स्टँडसमोर ओळीनं उभा राहिला. कॅप्टन रडत म्हणाला, "आमची ताकद कमी पडली. माफ करा." सगळे वाकले. चौथ्या वर्षाची पोरं वाकली ती बराच वेळ वर झाली नाहीत. अद्वैत ओळीच्या टोकाला होता. नरेंद्रला वाटलं, वाकायला खरं म्हणजे आपण हवं. पण स्टँडमधले लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यानंही वाजवल्या.

बाहेर गेटपाशी मोरिता-सान त्याची वाट बघत थांबले होते. टोपी काढून ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्यापासून लपवलं. मी समोरच्या संघाचा, हे सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतकं छान सांगत होता की मध्ये बोलवेना."

"चूक माझी आहे," नरेंद्र म्हणाला. "तुम्ही नातवाला सांगणारच."

"सांगितलं ना. घरी गेल्या गेल्या सांगितलं. जेवणाच्या टेबलावर साली मांडून दाखवल्या." मोरिता-सान जरा ओशाळले. "तो म्हणाला, आजोबा, हे सगळ्यांना माहीत आहे. गेली कित्येक वर्षं माहीत आहे. त्यांच्याशी खेळायचं म्हणजे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि उठून गेला."

"उठून गेला?"

"तो माझं ऐकत नाही हो," मोरिता-सान म्हणाले.

नरेंद्रच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपण काही फोडलंच नव्हतं. जे चव्हाट्यावर होतं तेच आपण मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं. त्यानं उरलेली थालीपीठं मोरिता-सानच्या हातात दिली आणि दोघं एकमेकांसमोर दोन-तीनदा वाकले.

अद्वैत बाहेर आला तो खांद्यावर भली मोठी बॅग टाकून, कपाळावर ओरखडा घेऊन. आई घरी वाट बघते म्हणून तो बरोबर निघाला. परतीच्या रेल्वेगाडीत बसायला जागा मिळाली. नरेंद्रला आता जरा बरं वाटत होतं, म्हणून तो म्हणाला, "शेवटी तू थांबलास ते बरोबरच होतं. नशीब त्यांचं."

"बरोबर नव्हतं," अद्वैत म्हणाला. मराठीत म्हणाला. "कोचनी हाफटाइमला डाव बदलला होता."

"बदलला होता?"

"पहिल्यांदाच. मी आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, आता तिसऱ्या प्रयत्नाला ताकेदा मागे थांबेल, चेंडू तिथेच येणार. अद्वैतनं नेहमीसारखं पुढे जायचं म्हणजे त्यांना संशय यायचा नाही. ताकेदाच्या हातात चेंडू आयता पडला असता."

नरेंद्रला ताकेदा तिथे का होता ते आत्ता कळलं. गाडी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेली.

"मग तू का थांबलास?"

अद्वैतनं बॅगेचा पट्टा सारखा केला. "तुम्ही सांगितलंत ना."

"अरे, पण इतकी वर्षं मी सांगतोय ते..."

"माहीत आहे." अद्वैत खिडकीबाहेर बघत होता. "विचार करायला वेळ नव्हता. मराठी ऐकलं आणि पाय थांबले."

मुलानं आपलं ऐकलं, याचं सुख आणि नेमकं आजच ऐकलं, याचं दुःख, यातलं काय आधी भोगावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, "मी उद्या कुरोदा-सानना भेटून सगळं सांगतो. माफी मागतो."

"नको."

"का?"

"मी सांगितलंय की मला त्यांची खूण कळली नाही, हाकही ऐकू आली नाही. आता तुम्ही जाऊन सांगितलंत की माझ्या बाबांनी स्टँडमधून डाव बदलला, तर?"

माफी मागायचीही सोय उरली नव्हती. "ते काय म्हणाले?"

"ओरडले नाहीत. त्यांनीच सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली. म्हणाले, चूक पोरांची नाही, माझी आहे. इतकी वर्षं एकच डाव खेळलो तोवर टिकलो, एकदा बदलला आणि खाली गेलो. आता परत कधी बदलणार नाही."

"म्हणजे पुढच्या वर्षीही..."

"सगळे पुढे," अद्वैत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की काय, ते नरेंद्रला नीट दिसलं नाही. "आणि मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलंय. डोक्याला मार बसून ऐकू कमी येत असेल, म्हणाले. घरचं कुणीतरी मोठं बरोबर घेऊन जा."

त्या आठवड्यात नरेंद्र अर्धा दिवस रजा काढून अद्वैतबरोबर ग्योतोकु स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेला. काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून अद्वैत बसला होता आणि आवाज आला की बटण दाबत होता. मोठ्या आवाजाला दाबत होता, बारीक आवाजाला दाबत होता, बाहेर नरेंद्रला जिथे काहीच ऐकू येत नव्हतं तिथेही दाबत होता. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आलेख नीट पाहिला, अद्वैतकडे पाहिलं, आणि समजुतीच्या सुरात नरेंद्रला म्हणाल्या,

"वडिलांनी अगदी निश्चिंत राहावं. मुलाला सगळं व्यवस्थित ऐकू येतं."

"हो," नरेंद्र मान खाली घालून म्हणाला. "आम्हालाही रविवारीच कळलं."